मुंबईत वापरलेली पोर्शे ९११ घेताना: तिचे काय बिघडते आणि ते आधी कसे ओळखावे

मुलुंडच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांनी पाहिलेली २०१७ सालची पोर्शे ९११ कॅरेरा एस विकत घ्यावी की नाही. गाडी दुसऱ्या मालकाकडे आहे, मीटरवर जेमतेम १९,००० किलोमीटर दिसतात, रंगाला ओरखडा नाही आणि सर्व्हिसची पुस्तिका शिक्क्यांनी भरलेली आहे. अशा गाड्या नाजूक असतात, त्यांचे इंजिन केव्हाही दगा देते आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये व पावसात त्या टिकत नाहीत, असे त्यांना चार जणांनी सांगितले आहे. यात खरे किती आणि नेमके काय बिघडते, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी गेली २४ वर्षे या शहरात अशाच गाड्या उघडतो आणि पुन्हा जोडतो. कित्येक वर्षांची बचत ते या गाडीत घालणार आहेत, हे त्यांच्या पत्रावरून दिसते, म्हणून उत्तर लांबले तरी चालेल असे धरून लिहितो.

ही गाडी मुळात दणकट आहे. तासन्‌तास वेगाने पळण्याच्या हिशेबाने तिचे इंजिन, तेलाची व्यवस्था आणि ब्रेक बनवलेले आहेत, आणि तशी ती पळाली तर वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. मुंबईत मात्र ती पळून बिघडत नाही, उभी राहून बिघडते. हे उभे राहणे दोन प्रकारचे असते. एक म्हणजे साकीनाक्याला किंवा द्रुतगती महामार्गावर इंजिन सुरू ठेवून इंच इंच सरकणे, आणि दुसरे म्हणजे इमारतीच्या तळघरात कव्हराखाली तीन-तीन महिने निपचित पडून राहणे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ या दोहोंपैकी एकात सापडते, त्यामुळे कमी किलोमीटर पाहून हुरळून जाणाऱ्या ग्राहकाला मी प्रथम थांबवतो.

१९,००० किलोमीटर हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. या गाडीच्या इंजिन कंट्रोल युनिटमध्ये इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद असते, आणि पोर्शेचा स्कॅनर लावला की ती वाचता येते. समजा, तिथे १,१८० तास निघाले. १९,००० ला १,१८० ने भागा. ताशी सरासरी १६ किलोमीटर येते. मुंबईच्या गाडीला ही सरासरी अगदी स्वाभाविक आहे, पण तिचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. हेच इंजिन मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या सरासरीने चालले असते, तर तितक्याच तासांत मीटरवर ७०,००० हून अधिक किलोमीटर दिसले असते. तेल तापले तितकेच, पंप फिरला तितकाच, रबराच्या नळ्या शिजल्या त्याही तितक्याच, किंबहुना वारा नसल्यामुळे जास्तच. म्हणून मी गाडीचे वय तासांत मोजतो आणि तेल बदलण्याचा हिशेबही तासांवर करतो. याच नोंदीचा दुसरा उपयोग म्हणजे मीटर मागे फिरवल्याचा संशय घेता येतो. सरासरी ताशी ७ किंवा ८ निघाली, तर मुंबईचा ट्रॅफिक कितीही वाईट असला तरी तो हिशेब पटत नाही. अशा वेळी साठवलेल्या बिघाडांच्या नोंदींशेजारचे किलोमीटर आणि जुन्या सर्व्हिस-बिलांवरचे किलोमीटर ताडून पाहावे लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्या ९११ एका माळेचे मणी नाहीत, आणि लोकांच्या तोंडी असलेल्या भीतीचा मोठा भाग जुन्या पिढ्यांचा आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ९११ चे इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले. त्या काळापासून २००८ पर्यंतच्या साध्या कॅरेरांमध्ये कॅमशाफ्टना (इंजिनाच्या झडपा उघडमीट करणाऱ्या दांड्यांना) गती देणारा एक मधला शाफ्ट होता आणि त्याच्या एका टोकाला बंद प्रकारचे बेअरिंग होते. ते झिजून फुटले की धातूचा चुरा साऱ्या इंजिनभर पसरत असे आणि इंजिनच जात असे. शेवटच्या दोन-तीन वर्षांत ते बेअरिंग मोठे केले, त्यामुळे तक्रारी कमी झाल्या, पण हे मोठे बेअरिंग इंजिन दुभागल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. त्याच इंजिनांना आणखी एक रोग होता, तो म्हणजे सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचा.

तो रोग मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो दिवस मला चांगला आठवतो. वरळीहून २००६ सालची ३.८ लिटरची गाडी आली होती. मालकांची तक्रार एवढीच होती की, इंजिन गरम झाल्यावर बारीक टकटक येते आणि तेल वारंवार भरावे लागते. मागे वाकून पाहिले तर एका बाजूच्या सायलेन्सरच्या तोंडाशी बोटाला चिकटेल अशी ओलसर काजळी होती आणि दुसरी बाजू जवळजवळ कोरडी. सहाव्या सिलिंडरचा प्लग काढून आत कॅमेऱ्याची नळी घातली. गुळगुळीत करड्या भिंतीवर उभ्या, रुंद, निस्तेज पट्ट्या उमटल्या होत्या, जणू कोणी खरखरीत दगडाने वरून खाली घासले असावे. त्या अवस्थेत तेल बदलून किंवा महागडे मिश्रण टाकून काहीही साधत नाही. इंजिन खोलून सिलिंडरांचे काम करावेच लागते आणि तो खर्च गाडीच्या किमतीकडे पाहता फार मोठा असतो. त्या पिढीची गाडी कोणी स्वस्तात देत असेल, तर सहाही सिलिंडर कॅमेऱ्याने पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

२००९ च्या मॉडेलपासून इंजिन नव्याने आखले गेले, तो मधला शाफ्ट काढून टाकला गेला आणि त्याबरोबर बेअरिंगची भीतीही संपली. त्याच वेळी पीडीके हा दोन क्लचांचा सात गिअरचा गिअरबॉक्स आला. तुम्ही पाहिलेली गाडी २०१५ च्या अखेरीस आलेल्या सुधारित पिढीतली आहे. तीत ३ लिटरचे दोन टर्बोंचे इंजिन आहे आणि एस प्रकारात ते ४२० अश्वशक्ती देते. या इंजिनाला जुन्या पिढीसारखा ठरलेला जीवघेणा रोग नाही. मी स्वतः ग्राहकांना ९११ मध्ये हीच पिढी सुचवतो, आणि त्यातही पहिल्या काही महिन्यांत बनलेल्या गाड्यांपेक्षा वर्षभरानंतरच्या. नव्या रचनेच्या पहिल्या तुकडीत कारखान्यालाही काही गोष्टी रस्त्यावरच कळतात. २०१४ मध्ये पोर्शेने त्या वेळच्या नव्या ९११ जीटी३ च्या सर्व ७८५ गाड्यांची इंजिने बदलून दिली, कारण कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचे) बोल्ट सैल होऊन काही गाड्यांना आग लागली होती. त्याआधी २०१० मध्ये फेरारीने ४५८ इटालियाच्या १,२४८ गाड्या परत बोलावल्या होत्या; मागच्या चाकांच्या कमानीत वापरलेला चिकट पदार्थ उष्णतेने पेट घेत होता. तेव्हा कोणतीही गाडी घेताना तिच्या चासी नंबरवर कंपनीने काढलेली दुरुस्तीची कामे झाली आहेत की नाहीत, हे अधिकृत सेवा केंद्रातून लेखी विचारून घ्यावे.

आता या पिढीत प्रत्यक्ष काय बिघडते ते पाहू. माझ्या अनुभवात पहिला क्रमांक थंड करण्याच्या व्यवस्थेचा आहे. इंजिन मागे असले तरी रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत बसवलेले असतात, आणि त्यांच्या पुढ्यात एसीचे कंडेन्सर. बंपरची तोंडे उघडी असल्यामुळे रस्त्यावरचे जे काही उडते ते सरळ आत जाते. एप्रिल-मेमध्ये सोनमोहराखाली उभी राहणारी गाडी असेल, तर त्या कोपऱ्यांत पिवळ्या पाकळ्यांचा थर साचतो, त्यावर बांधकामांची सिमेंटची धूळ बसते, पहिल्या पावसात ते सारे भिजते आणि खाऱ्या हवेत त्याचा ओला गोळा कंडेन्सरला चिकटून राहतो. गेल्या उन्हाळ्यात दादरच्या एका गाडीचा बंपर उतरवला तेव्हा दोन्ही कोपऱ्यांतून मिळून मध्यम आकाराची बादली भरेल एवढा कचरा निघाला, आणि खालच्या काठाशी ॲल्युमिनियमच्या पात्या बोट लावताच पांढऱ्या भुकटीसारख्या झडल्या. त्या मालकांची तक्रार एसी नीट गार होत नाही एवढीच होती. दोनदा गॅस भरून घेऊनही फरक पडला नव्हता, कारण गळती तिथे होती. दरवर्षी मेअखेरीस बंपर उतरवून हे कोपरे साफ करणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. या पिढीत बंपरच्या तोंडाशी आपोआप उघडमीट करणाऱ्या झडपाही असतात; त्या मोकळ्या हलतात की नाहीत, ते त्याच वेळी पाहून घ्यावे.

याच व्यवस्थेत पाण्याचा पंप येतो. तो एकाएकी बंद पडत नाही, आधी पाझरतो. गाडी लिफ्टवर घेऊन खालचे आवरण काढले की पंपाच्या आसपास सुकलेल्या कूलंटचे गुलाबीसर डाग दिसतात. विक्रेत्याने इंजिन धुऊन चकचकीत केले असेल, तर हे डाग दिसणार नाहीत. म्हणून नुकतेच धुतलेले इंजिन दिसले की मी गाडी तासभर चालवून आणल्यानंतरच तपासतो. पाण्याचा आणि हवेचा प्रवाह वळवणारे निर्वातावर चालणारे लहान व्हॉल्व्हही खराब होतात आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. तो भाग लहान आहे, तेव्हा तो जुनाट झाला म्हणून घाबरून गाडी नाकारण्याचे कारण नाही.

पीडीकेबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण लोक ज्याला ऑटोमॅटिक म्हणतात त्या साध्या गिअरबॉक्ससारखा तो नाही. त्यात तेलात बुडालेले दोन खरे क्लच असतात. ब्रेकवरून पाय थोडा सैल करून तुम्ही पुढच्या गाडीमागे सरकता, तेव्हा क्लच अर्धवट पकडीत घासत असतो. इंच इंच सरकण्याची सवय म्हणजे क्लच आणि त्याचे तेल दोन्ही भाजणे होय. पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी, मग एकदम सुटून जावे आणि पूर्ण थांबावे. पेडर रोडच्या चढावर किंवा तळघराच्या उतरंडीवर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवू नये, ब्रेक दाबावा. एवढे पाळले तर हा गिअरबॉक्स मुंबईतही उत्तम टिकतो. त्याचे क्लचचे तेल ठरलेल्या मुदतीत बदलले आहे का, हे बिलावर शोधा, कारण पुष्कळ मालक ‘गिअरबॉक्सला काही लागत नाही’ या समजुतीवर ते कधीच बदलत नाहीत. ज्या बिघाडाची खरी धास्ती बाळगावी तो म्हणजे आतल्या गिअरची जागा सांगणाऱ्या सेन्सरचा. एखाद्या दिवशी रिव्हर्स लागत नाही, काही गिअर गायब होतात आणि पडद्यावर गिअरबॉक्सची सूचना येते. अनेक वर्षे यावर पूर्ण गिअरबॉक्स बदलणे हाच उपाय सांगितला जात असे. आता अनुभवी कारागीर तो उघडून नुसता सेन्सर बदलतात. लाखोंच्या अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी हे काम करणाऱ्या दुसऱ्या गॅरेजचे मत अवश्य घ्यावे. तुलनेसाठी सांगतो, जुन्या लॅम्बॉर्गिनी गॅयार्दोच्या ई-गिअरमध्ये एकच कोरडा क्लच होता आणि शहरातल्या वापरात तो काही हजार किलोमीटरांतच संपत असे. पीडीकेला त्याच मापाने तोलणे अन्यायाचे आहे.

पावसाळ्यात माझ्याकडे येणारी ठरलेली तक्रार म्हणजे गाडी मिसिंग मारते. या आडव्या इंजिनाचे प्लग आणि त्यांच्या डोक्यावरचे इग्निशन कॉइल इंजिनाच्या दोन्ही बाजूंना खाली, सायलेन्सरच्या जवळ असतात. सतत तापल्याने कॉइलच्या प्लास्टिकला केसाएवढ्या चिरा पडतात. कोरड्या दिवसांत त्या चिरा काही करत नाहीत, पण जूनमध्ये चाकाने उडवलेले पाणी आत शिरले की ठिणगी वाट चुकते आणि गाडी थरथरू लागते. अशी गाडी तशीच ओढत राहिल्यास न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजतो, आणि स्वस्तातले काम महागात पडते. सहाही कॉइल आणि प्लग एकदमच बदलावेत. तिथवर पोहोचण्याची मेहनत प्रत्येक वेळी तेवढीच असते.

पाण्याबद्दल याहून गंभीर गोष्ट आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी या धंद्यात नवखा होतो. त्यानंतरचे कित्येक आठवडे आम्ही इंजिनांतून पाणी काढत होतो. त्या गाड्यांकडून मी एक गोष्ट शिकलो. पाण्यात बंद पडलेली आणि पुन्हा न छेडलेली गाडी बहुधा वाचली. जिच्या मालकाने ‘एकदा सेल्फ मारून पाहू’ म्हटले, तिचा कनेक्टिंग रॉड वाकला. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना रॉडला माघार घ्यावी लागते. ९११ चे हवेचे तोंड मागे उंचावर आहे हे खरे, पण गाडीचे पोट जमिनीपासून फार थोड्या अंतरावर असते. हिंदमाता असो, मिलन सबवे असो की अंधेरी सबवे, पुढची टॅक्सी पार झाली म्हणून तुमची गाडी पार होईल असे समजू नये. बंद पडली तर तिथेच सोडून टोचनची व्यवस्था करावी. साध्या विम्यात पाण्याने झालेले इंजिनाचे असे नुकसान धरले जात नाही. इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम जोडून घ्यावे लागते, आणि त्याच्या अटी वाचून घ्याव्या लागतात.

पुढच्या काचेखालच्या खाचेतली पाणी जाण्याची भोकेही पाहावीत. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पाल्याने बुजतात आणि पाणी वाट काढत वायरिंगच्या दिशेने जाते. पायाखालचा गालिचा उचलून तळहाताने दाबून पाहा. ओलसर लागला किंवा कुबट वास आला, तर विक्रेत्याचे कोणतेही स्पष्टीकरण पुरेसे नाही. गालिच्याखाली इलेक्ट्रॉनिक जोडण्या असतात आणि त्यांचा गंज सहा महिन्यांनी बोलतो.

आता उभ्या गाडीकडे वळतो. इथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. सुमारे १२ वर्षांपूर्वी मलबार हिलच्या एका वयस्क गृहस्थांनी विचारले होते की, पावसाळ्यात गाडीचे काय करू. मी त्यांना सांगितले की, जूनमध्ये धुऊन, कव्हर घालून तळघरात ठेवा आणि दसऱ्याला काढा. त्यांनी अक्षरशः तसे केले. ऑक्टोबरमध्ये आम्ही कव्हर काढले तेव्हा बॅटरी पूर्ण उतरली होती. पुढची डिक्की विजेवर उघडते आणि बॅटरी त्याच डिक्कीत असते, त्यामुळे आधी केबिनमधल्या फ्यूज बॉक्समधला बाहेर ओढायचा टर्मिनल शोधून बाहेरून वीज द्यावी लागली. ब्रेकच्या डिस्कवर पॅड चिकटून बसले होते, चामड्यावर हिरवट बुरशी आली होती आणि इंजिनाच्या वरच्या बाजूला उंदरांनी इन्सुलेशनचा कापूस ओढून घर केले होते. वायरिंगचा एक जुडगा कुरतडून तांबे उघडे पडले होते. ते सारे नीट करायला सात आठवडे गेले, आणि त्या गृहस्थांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून मी सांगतो की, गाडी पावसाळ्यातही दर दहा दिवसांनी बाहेर काढावी, उघडीप पाहून, आणि किमान ४० मिनिटे सलग चालवावी. पाच मिनिटे इंजिन जागेवर सुरू ठेवणे हा मात्र उपाय नाही. त्याने पेट्रोलचा अंश तेलात उतरतो, सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि बॅटरी आणखी उतरते. कूलंट लवकर तापते, तेल सावकाश. तेलाचा काटा ९० अंशांच्या वर जाऊन तिथे काही वेळ टिकला तरच आतला ओलावा उडून जातो. मुलुंडहून पहाटे ऐरोलीमार्गे निघून अटल सेतूवरून शिवडीला यावे आणि पूर्व मुक्तमार्गाने परतावे, एवढा फेरा ठरलेल्या वेगमर्यादेत राहूनही पुरतो. तेल तापेपर्यंत इंजिनाचे फेरे मिनिटाला ४,००० च्या वर नेऊ नयेत. घरी बॅटरीला मेंटेनन्स चार्जर लावून ठेवावा. इमारतीत पार्किंगजवळ विजेचा जोड मिळत नसेल, तर सोसायटीकडून तो आधी मंजूर करून घ्यावा आणि मग गाडी घ्यावी. एकावर एक गाडी ठेवणाऱ्या दुमजली यांत्रिक पार्किंगमध्ये ही गाडी ठेवू नये. पुढचा ओठ घासतो, आणि वरच्या गाडीचे तेल टपकून रंगावर पडते.

टायरवर खोली भरपूर दिसेल, पण त्यावर विसंबू नका. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, ‘२३१७’ असेल तर तो २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. इतका जुना टायर नवा दिसला तरी त्याचे रबर टणक झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर तो पकड सोडतो. चारही टायर बदलायचे धरूनच किंमत बोला, आणि घेताना पोर्शेने मान्य केलेले, बाजूला ‘एन’ची खूण असलेलेच घ्या. ब्रेकचे कॅलिपर पिवळे दिसले म्हणून डिस्क सिरॅमिकच आहे असे मानू नये, कारण पिवळा रंग कोणीही मारू शकतो. खऱ्या सिरॅमिक डिस्कवर किमान जाडी आणि किमान वजन कोरलेले असते. ती डिस्क खाऱ्या हवेत गंजत नाही हा तिचा मोठा गुण आहे, पण बदलण्याची वेळ आली तर खर्च डोळे पांढरे करणारा असतो.

इंधनाचा प्रश्न अलीकडे प्रत्येक जण विचारतो. हातपुस्तिकेत या इंजिनाला ९८ ऑक्टेन सांगितले आहे आणि किमान ९५. आपल्याकडचे साधे पेट्रोल बरीच वर्षे ९१ चे होते. कमी ऑक्टेनचे भरले तर इंजिन फुटत नाही, पेट्रोल अवेळी पेटले की ते ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगी मागे घेतो आणि शक्ती कमी होते, पण मेच्या उन्हात, ट्रॅफिकमध्ये तापलेल्या टर्बो इंजिनाला रोज तसे जगायला लावणे मला पटत नाही. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेले १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक पंपांवर मिळते; ते भरावे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल ही त्यात भर आहे, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. अर्धी टाकी तशीच ठेवून गाडी दोन महिने उभी करणे हे मुंबईच्या दमट हवेत सर्वांत वाईट.

खड्ड्यांविषयी थोडक्यात: २० इंची चाके आणि पातळ टायर यांमुळे रिमची आतली कड वाकते, ती बाहेरून दिसत नाही. गाडी लिफ्टवर घेऊन प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे, लोअर आर्मचे बुश आणि शॉकअप ओले आहेत का ते पाहावे, आणि पोटाखालची प्लास्टिकची आवरणे पूर्ण व मूळ स्क्रूंवर आहेत का तेही. तिथे तारेने बांधलेले काही दिसले, तर ती गाडी कोणाच्या हातांतून गेली आहे ते कळते.

शिक्क्यांनी भरलेल्या पुस्तिकेपेक्षा बिलांची फाइल मागा. तेल दर वर्षी बदललेले हवे, किलोमीटर झाले नसले तरी. या गाडीला तेल मोजायची पट्टी नाही. तेल गरम असताना, सपाट जागेवर, पडद्यावरच पातळी पाहावी लागते, आणि हे विक्रेत्याला माहीत नसेल तर त्याने ती कधी पाहिलेली नाही. गाडीची नोंदणी दुसऱ्या राज्यातली असेल, तर महाराष्ट्राचा रस्ताकर आणि ना-हरकत पत्र यांचा हिशेब आधी करा. सुटे भाग परदेशातून येतात, कधी आठवड्यात, कधी दोन महिन्यांत. तेव्हा किमतीच्या साधारण दहावा भाग पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवावा, असे मी माझ्या ग्राहकांना सांगतो. तो पूर्ण लागला नाही तर उत्तम.

तुमच्या बाबतीत आता असे करा. विक्रेत्याला सांगा की, गाडी सकाळी थंड असताना सुरू करायची आहे, त्याने ती आधी तापवून ठेवू नये. पहिल्या दहा सेकंदांत कान इंजिनाकडे ठेवा. तासभर चालवा, त्यात ट्रॅफिक आणि चढ दोन्ही येऊ द्या, एसी पूर्ण चालू ठेवा, रिव्हर्स पाच-सहा वेळा टाका. मग पोर्शेचा स्कॅनर, लिफ्ट आणि कॅमेरा असलेल्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये अर्धा दिवस द्या आणि जमल्यास इंजिनाचे थोडे तेल प्रयोगशाळेत पाठवा. त्यातले धातू, धूळ आणि पेट्रोल यांचे प्रमाण पुष्कळ काही सांगून जाते. विक्रेता या तपासणीला तयार नसेल, तर गाडी कितीही आवडली असली तरी तिथेच थांबा. तयार असेल, तर अहवालातले इंजिनाचे तास, टायरवरचे चार आकडे आणि पुढच्या कोपऱ्यांतल्या रेडिएटरची छायाचित्रे मला पाठवा. ती पाहून किती किंमत द्यावी ते मी तुम्हाला सांगू शकेन.